घोडा, उंट की जिराफ

एकदा सांगलीचा एक फरशीविक्रेता सहकुटुंब मोटारीने लातूरला लग्नाला निघाला. त्याचे नाव श्रीनिवास बोरगावे. सोबत पत्नी पद्मजा, तरुण मुलगी सन्मती आणि श्रीनिवासचे शाळेतले शिक्षक, वृद्ध मुळे सर. सरांना त्याने आग्रहाने आपल्या शेजारी, पुढे बसवले होते.

गाडीत फारसे कुणी बोलत नव्हते. सन्मतीने फार्मसीचे शिक्षण मध्येच सोडले होते आणि तेव्हापासून बापलेकीचा संवाद तुटला होता. जे काही असे ते पद्मजाच्या मार्फत. "तिला सांग, काच वर कर," असे श्रीनिवास म्हणे. आणि मागे आईला खेटून बसलेली सन्मती, आईने सांगेपर्यंत काच तशीच ठेवी.

सोलापूर मागे पडल्यावर सर म्हणाले, "श्रीनिवास, महामार्ग सोड. जुन्या रस्त्याने जाऊ."

"सर, उशीर होईल."

"होऊ दे. लग्न उद्या आहे."

जुन्या रस्त्यावर एका गॅरेजपुढे सायलेन्सर जोडून केलेला मोर पिसारा फुलवून उभा होता. सरांनी गाडी थांबवायला लावली. सगळे उतरले, त्यांनी मोर पाहिला आणि काही न बोलता परत येऊन बसले. पुढे एका मळ्याच्या फाटकाशी टायरांची मगर दिसली. तिथेही तसेच झाले. श्रीनिवास वैतागला होता, पण गुरूंना बोलणार कसे?

मग एक ढाबा आला. समोर चौथऱ्यावर सिमेंटचा एक प्राणी होता. मान लांबलचक, पाठीवर उंचवटा, अंगभर तपकिरी ठिपके.

"हा कोण रे?" सरांनी विचारले.

"जिराफ," श्रीनिवास म्हणाला.

"आई, बाबांना सांग, जिराफाला मदार नसते. उंट आहे तो."

"तिला सांग, उंटाला ठिपके नसतात."

तेवढ्यात सर म्हणाले, "सूनबाई, चला, आपण चहा घेऊ." आणि ते पद्मजाला घेऊन सरळ आत गेले. श्रीनिवास पाहतच राहिला.

आता निरोप पोहोचवायला कुणी नव्हते. मग सन्मतीच पुढे झाली. "बाबा, खूर बघा ना. दुभंगलेले नाहीत."

"कुठे, बघू?" श्रीनिवास इस्त्रीच्या पँटसह चौथऱ्यावर गुडघे टेकून वाकला. "खरंच की गं! आणि शेपूटही घोड्याची आहे. पण मग ही मान?"

ढाब्याचा मालक हात पुसत बाहेर आला. "घोडाच करायला घेतला होता साहेब. मान लांबत गेली. मोडायचं जिवावर आलं. मग म्हटलं, बघू तर खरं, काय होतंय!"

बापलेक एकदमच हसले.

लातूरला पोहोचल्यावर, लग्नघरच्या ओसरीवर श्रीनिवासने सरांना विचारले, "असल्या गोष्टींसाठी तुम्ही वाट वाकडी का केलीत? आणि नेमके तेव्हाच चहाला का गेलात?"

सर म्हणाले, "तुम्हा दोघांत तिच्या सोडलेल्या शिक्षणाचा एकच विषय उरला होता, आणि त्यात तुझे म्हणणे खरे ठरणे तुला फार गरजेचे वाटत होते. म्हणून तू तिचे ऐकू शकत नव्हतास. तो प्राणी घोडा ठरला काय नि उंट ठरला काय, तुझे काहीच बिघडणार नव्हते. तिथे तू वाकून पाहिलेस आणि 'खरंच की' म्हणालास, ते मी आतून ऐकले. ती मोर पाहून बोलेल असे मला वाटले होते. नाही बोलली, म्हणून पुढे पुढे थांबत गेलो."

श्रीनिवास उठून अंगणात गेला. सन्मती मांडवाच्या खांबाला फुलांची माळ बांधत होती. तो तिच्या शेजारी उभा राहिला.

"सोडावंसं का वाटलं गं तुला?" त्याने विचारले.

तिने दचकून वर पाहिले आणि शब्द शोधू लागली. मध्ये एकदा श्रीनिवासच्या ओठांवर काही आले होते. ते त्याने आतच ठेवले, आणि तिच्या हातातल्या माळेचे दुसरे टोक धरून ऐकत राहिला.