टिचक्याच्या वाकुल्या

पुष्कळ पुष्कळ वर्षं झाली. एका नगरात एक चित्रकार होता. तो भिंतीवर चौकटी आखायचा आणि एकामागून एका चौकटीत एका बुटक्याच्या गमतीजमती काढायचा. त्या बुटक्याचं नाव टिचक्या. पोट सुटलेलं, पाय अनवाणी, आणि भीती म्हणून कुणाची नाही. कोतवालानं एखाद्या भाजीवालीची टोपली लाथाडली, की शेवटच्या चौकटीत टिचक्या कोतवालाला वाकुल्या दाखवायचा. लोक पोट धरधरून हसायचे. मग पुढचे काही दिवस कोतवालाचा पाय जरा जपून पडायचा. हसण्याचा एवढा तरी उपयोग असतो, मुलांनो. मोठ्यांना तो ठाऊक असतो, म्हणून तर ते हसण्याला घाबरतात.

एकदा प्रधानानं चित्रकाराला बोलावलं. रागावला मुळीच नाही, उलट तोंड भरून कौतुक केलं. "महाराजांनाही टिचक्या आवडतो," तो म्हणाला. "राजवाड्याच्या भिंती तुमच्याच समजा. फक्त एवढं करा, वाकुल्या कोतवालाऐवजी चोराला दाखवू द्या. चोर वाईटच ना?"

"वाईटच," चित्रकार म्हणाला. त्यात खोटं काय होतं? त्यानं चोर काढला.

पुढं चोराच्या जागी आळशी आले. मग कर थकवणारे आले. मग राजवाड्याच्या दारात गाऱ्हाणं घेऊन उभी राहणारी माणसं आली. दर वेळी बदल एवढासाच असे, आणि दर वेळी चित्रकाराला तो पटे. मऊ गादीवर बसलं की बऱ्याच गोष्टी पटतात. टिचक्याच्या पायांत जरीचे जोडेही आले.

चित्रकाराची धाकटी बहीण कुंभारआळीत राहायची. ती एकदा म्हणाली, "दादा, परवाच्या चित्रातली ती रडकी म्हातारी कोण रे? आपल्या आळीतलीच वाटते."

"चित्र आहे गं ते. मनावर काय घेतेस!"

आणि मग एक दिवस राजाला नव्या बागेची हौस आली. कुंभारआळीची जागा त्याच्या मनात भरली. पौर्णिमेच्या आत घरं रिकामी करा, अशी दवंडी कोतवालानं पिटवली. बहीण धावत भावाकडे आली.

"दादा, काहीतरी कर. तुझा टिचक्या पुन्हा कोतवालापुढं उभा कर. सगळं गाव हसायला लागलं, तर त्यांचा हात उठायचा नाही."

 चित्रकार तसाच राजवाड्यातून बाहेर पडला. बाजारातल्या मोठ्या भिंतीवर त्यानं चौकटी आखल्या आणि जीव ओतून चित्रं काढली. पाडलेलं घर, फुटलेली मडकी, हातात दंडुका घेतलेला कोतवाल. शेवटच्या चौकटीत टिचक्या, अनवाणी, जीभ हनुवटीपर्यंत बाहेर.

लोक आले, थांबले, बघत राहिले. कुणी हसेना.

"अहो, कोतवालाला चिडवतोय तो!" चित्रकार ओरडला.

गर्दीतली एक म्हातारी म्हणाली, "बाबा, आम्ही गाऱ्हाणं घेऊन गेलो, तेव्हा ह्यानंच आम्हाला जीभ दाखवली होती. आज तो कुणाला दाखवतोय, ते आम्हाला कसं कळावं?" ती निघून गेली, आणि तिच्यामागून बाकीचेही पांगले.

थोड्या वेळानं कोतवाल आला. त्यानं सगळ्या चौकटी सावकाश पाहिल्या. तो मात्र खदखदून हसला. चित्र पुसायचीसुद्धा त्याला गरज वाटली नाही.

पौर्णिमेला कुंभारआळी पडली. बहीण डोक्यावर गाठोडं घेऊन वेशीबाहेर निघाली. चित्रकार वाटेतच उभा होता. ती त्याच्या शेजारून गेली, पण तिनं त्याला दादा म्हणून हाक मारली नाही.

लहानांनो आणि थोरांनो, एवढं ध्यानात ठेवा: थोडी थोडी करून विकलेली जीभ गरजेच्या दिवशी परत मिळत नाही.