राणीचा दाढोबा आणि गिरजेचं खापर

आजारी सरडा तळहातावर घेतला तर कसा लागतो, हे तुमच्यापैकी कुणाला ठाऊक आहे का?

नसणारच. सरड्याला हात लावायला आपण सहसा जात नाही. पण फार फार वर्षांपूर्वी, कुण्या एका राज्यात, गिरजा नावाच्या कुंभारणीने असा सरडा हातावर घेतला होता. तो तिला ओल्या मातीच्या गोळ्यासारखा गार लागला होता. तिचीच ही गोष्ट.

त्या राज्याच्या राणीला एका दर्यावर्दी व्यापाऱ्याने परमुलखातला सरडा भेट दिला होता. आपल्या कुंपणावरच्या सरड्याच्या चांगला चौपट मोठा. अंग वाळूच्या रंगाचं, दोन्ही कुशींना बारीक काटे आणि हनुवटीखाली काट्यांचीच झालर. रागावला की ती झालर फुगायची आणि दाढीसारखी दिसायची. म्हणून राजवाड्यात सगळे त्याला दाढोबा म्हणू लागले.

राणीचा त्याच्यावर जीव जडला. त्या राजवाड्यात अशी रीत होती, की ज्याचा मान मोठा त्याला गारवा जास्त. मोठा पाहुणा आला की त्याच्या खोलीचे पडदे दिवसातून चारदा भिजवत. मग राणीच्या लाडक्या सरड्याला काय कमी? त्याला थेट राणीच्या गारव्याच्या महालात जागा मिळाली. चांदीचा पिंजरा, खिडक्यांना वाळ्याचे ओले पडदे आणि दोन वेळा वाटीभर दूधभात, वर साखर.

पहिले आठ दिवस राणी स्वतः वाटी घेऊन बसायची. मग कुणीतरी एक बोलकी मैना आणून दिली आणि राणीचे दिवस मैनेला शब्द शिकवण्यात जाऊ लागले. दासी दूधभात ठेवायच्या, आंबला की उचलायच्या आणि नवा ठेवायच्या. दाढोबा तो खातो की नाही, हे कुणी पाहिलं नाही.

गिरजा दर पंधरा दिवसांनी त्या महालात नवे माठ घेऊन यायची. एकदा माठ टेकवताना तिची नजर पिंजऱ्यात गेली. दाढोबा पोटावर पडला होता. डोळे खोल गेलेले, शेपटीच्या मुळाशी हाडं वर आलेली, दाढी काळी ठिक्कर पडलेली. पायांच्या बोटांवर जुनी कात चिकटून वाळली होती आणि बोटं आवळली गेली होती. गिरजेने दार उघडून त्याला हातावर घेतलं. त्याने एक डोळा अर्धा उघडला आणि मिटला.

तेवढ्यात राजवाड्याचे कारभारी आले. सरड्याची अवस्था त्यांनाही दोन दिवसांपूर्वीच दिसली होती, पण राणीला सांगायचं कसं या विचारात ते गप्प होते. गिरजेने हात जोडून विनंती केली, की याला माझ्या अंगणात नेऊ द्या, हा अजून जिवंत आहे. कारभाऱ्यांना सुटल्यासारखं झालं. आता दोष ठेवायला दुसरी जागा मिळाली होती.

"ने," ते म्हणाले. "पुनवेपर्यंत उभा राहिला तर बरंच. पण तुझ्या दारात मेला, तर राजतळ्यातली माती तुम्हा कुंभारांना कायमची बंद. आधीच सांगून ठेवतो."

गिरजेचा हात थबकला. राजतळ्याच्या चिकण मातीवर कुंभारवाड्यातल्या अकरा घरांचं पोट होतं. दुसरी माती दोन दिवसांच्या वाटेवर. तिने सरड्याला परत ठेवायला हात खाली नेला. तेव्हा त्या गार बोटांनी तिचा अंगठा धरला. अगदी हलका धरला, पण धरला. गिरजेने पदर सोडला, त्याला त्यात गुंडाळलं आणि ती घरी निघाली.

कुंभारवाड्यात बातमी तिच्या आधी पोचली होती. बायका बोलल्या, पुरुष त्याहून जास्त बोलले. एका सरड्यापायी अकरा चुली पणाला लावल्यास, असं तिला तोंडावर ऐकवलं. शेजारचे सोपानमामा म्हणाले, "आता त्याला नीट भाजून काढ गिरजे. कच्चा आहे की पक्का ते वाजवून तरी बघता येईल." त्यांचा राग तिला पटत होता. म्हणून तर चुकून चालणार नव्हतं.

तिची सासू भट्टीच्या भिंतीला पाठ लावून रोज सकाळी बसायची. गुडघे धरायचे म्हणून. तिने सुनेच्या पदरात हात घातला आणि चटकन काढला.

"अगं, हा तर माझ्या गुडघ्यांसारखा गारठलाय," ती म्हणाली. "याला औषध कसलं देतेस? आधी ऊन दे."

"देते आत्याबाई. पण एकदम नाही."

कारण गिरजेला माती ठाऊक होती. चाकावरून उतरलेलं ओलं मडकं कुणी उचलून भट्टीत टाकत नाही. ते आधी सावलीत सुकतं, मग कोवळ्या उन्हात आणि मग आचेला जातं. घाई केली की तडकतं. तिने फुटक्या रांजणाचं एक मोठं खापर घेतलं आणि ते अंगणात असं मांडलं, की अर्ध्यावर ऊन आणि अर्ध्यावर सावली. पहिल्या दिवशी दाढोबाला तिने सकाळची दोन घटका ऊन दिलं. दुसऱ्या दिवशी तीन. संध्याकाळी भट्टीच्या बाहेरच्या अंगाला, जिथे हात ठेवला तर नुसतं उबदार लागतं, तिथे त्याची टोपली ठेवली.

खायला तिने काहीच दिलं नाही. अंगात ऊब आल्याशिवाय पोटातलं अन्न पचत नाही, कुजतं, हे ती जाणून होती. बोट पाण्यात बुडवायचं आणि थेंब त्याच्या नाकपुडीशी न्यायचा, एवढंच ती करत राहिली. तिसऱ्या दिवशी त्याने जीभ काढून एक थेंब चाटला. त्या दिवशी गिरजेने एकही मडकं घडवलं नाही. थेंबामागून थेंब देत बसली.

बोटांवरची कात ती कोमट पाण्याने भिजवायची आणि मऊ फडक्याने पुसायची. जेवढी सुटली तेवढी घ्यायची, ओढायची नाही. एका बोटाला पाच दिवस लागले.

सहाव्या दिवशी राणीला पिंजरा रिकामा दिसला आणि तिचा मेणा गिरजेच्या अंगणात उतरला. राणीच्या हातात चांदीची वाटी होती. दाढोबा तिला खापरावर, उघड्या उन्हात दिसला आणि ती कळवळली. याला उन्हात का टाकलंय, असं विचारत ती वाटी घेऊन खाली बसली.

गिरजेने वाटीवर हात ठेवला. राणीच्या वाटीवर असा हात आजवर कुणी ठेवला नव्हता. मेण्याच्या भोयांनी माना खाली घातल्या.

"दूधभात नको राणीसाहेब. तो त्याला पचत नाही."

राणीचा चेहरा उतरला. "म्हणजे मी त्याला उपाशी मारलं, असं म्हणतेस तू?"

गिरजेला राजतळं आठवलं, अकरा घरं आठवली. पण तिने हात काढला नाही.

"आपण त्याला जे स्वतःला आवडतं ते दिलंत. गारवा दिलात, दूध दिलंत. त्यात प्रेम होतं, पण त्याच्या उपयोगाचं काही नव्हतं."

राणीने वाटी बाजूला ठेवली आणि त्याला काय लागतं, असं विचारलं.

उत्तर सासूने दिलं. ती तळ्याकाठच्या गवतातून लंगडत येत होती आणि तिच्या मुठीत एक हिरवा नाकतोडा फडफडत होता. "हे लागतं," ती म्हणाली. "माझे गुडघे मोडायला निघालाय मेला, पण खाईल तर खरं."

दाढोबाने मान वळवली. नाकतोड्याकडे पाहिलं. आणि सगळ्यांच्या देखत, वीज चमकावी तशी जीभ काढून तो गिळून टाकला.

राणी त्यानंतर रोज आली. मेणा दूर ठेवून चालत यायची. दाढोबाच्या हाडांना बळ यावं म्हणून अंड्याच्या टरफलाची पूड करायला ती शिकली, भोपळ्याची फुलं चुरायला शिकली आणि नाकतोडे पकडायलाही शिकली, जरी तिच्याहून सासूचा हात जलद होता.

पुनवेला कारभारी आले. दाढोबा खापरावर चारी पायांवर ताठ उभा होता. अंग वाळूसारखं सोनेरी, दाढी स्वच्छ. कारभारी जवळ येताच त्याने पुढचा एक पाय उचलला आणि नमस्कार केल्यासारखा हवेत सावकाश फिरवला. कारभाऱ्यांनी नकळत हात जोडले. कुंभारवाडा हसला, सोपानमामा सगळ्यांत मोठ्याने.

राणीने तिथेच जाहीर केलं, की राजतळ्याची माती कुंभारांना कुणी कधीच बंद करणार नाही. मग तिने गिरजेला विचारलं, तुला स्वतःला काय हवं?

"हे खापर घेऊन जा," गिरजा म्हणाली. "आणि ते पूर्वेच्या खिडकीत मांडा. पडदा न लावता."

"त्या खिडकीतून ऊन येतं गिरजे. मला ते सोसत नाही."

"म्हणून तर ती त्याची खिडकी, राणीसाहेब."

लहानथोरहो, ज्याची काळजी घ्यायची, त्याला आपल्या आवडीचं नव्हे, त्याच्या गरजेचं द्यावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी राणीने पूर्वेच्या खिडकीचा ओला पडदा स्वतःच्या हाताने उतरवला आणि दाढोबा खापरावर चढून उन्हात बसला.