क्लचचा निरोप

वस्तू एकमेकींशी बोलत असत, तेव्हाची ही गोष्ट. एका म्हाताऱ्या ट्रकचं इंजिन बसलं, म्हणून मालक भिकोबांनी ऑटोमॅटिक गाडीतलं इंजिन आणून त्यात बसवून घेतलं. किल्ली फिरवली, पण इंजिन गप्पच.

"त्या गाडीतला माझा गिअरबॉक्स आधी वायरीतून निरोप धाडायचा, चाकं मोकळी आहेत म्हणून," इंजिन म्हणालं. "तो निरोप आल्याशिवाय मी सुरू होणार नाही. गाडी उसळून कुणाच्या तरी अंगावर जाईल."

"मला कुठली आली वायर?" ट्रकचा गिअरबॉक्स गुरगुरला. "दांडा ढकलला की मी चालतो. निरोपबिरोप मला जमत नाहीत."

भिकोबा रडकुंडीला आले. "दस्तगीरभाई, भंगारात घालू का आता?"

"इंजिनाला बोल लावू नका. ते बिचारं वाट बघतंय," दस्तगीर वायरमन म्हणाले आणि निरोपाची ती वायर त्यांनी क्लचला नेऊन जोडली.

पायाखाली झिजून गुळगुळीत झालेला क्लच दचकला. "मी काय सांगणार? मला तर सगळे तुडवतात."

"तुडवल्यावर काय होतं?" इंजिनाने विचारलं.

"चाकं मोकळी होतात."

"मग तेवढंच सांग ना बाबा. त्याचीच तर वाट बघतोय आम्ही."

भिकोबांनी क्लच दाबला, किल्ली फिरवली आणि ट्रक धडधडू लागला.

"यापुढे गाडी क्लचच्या शब्दावर सुरू होणार," दस्तगीरभाई म्हणाले.

भिकोबांनी सवयीने स्टेअरिंगला हात लावून कपाळाला लावला. मग क्लचकडे बघून ते थबकले, वाकले आणि त्यांनी पायातल्या चपला काढून ठेवल्या.