काजळ्याची शिंगं

फार जुनी नव्हे, पण सांबरांच्या लेखी जुनीच म्हणावी अशी ही गोष्ट. सागाच्या रानात काजळ्या नावाचा सांबर राहत होता. थंडी पडली नि तो माजावर आला. चिखलात लोळून त्यानं शिंगांत गवताचे तुरे अडकवले आणि दरी घुमेल अशी हाक घातली.

रस्त्यावरची जीप थांबली. आतल्या माणसानं कॅमेरा रोखला. "काय रुबाब आहे!"

झालं! काजळ्या रोज रस्त्याकडेला मान ताठ करून उभा राहू लागला.

"अरे, हाक मला घातलीस, आणि उभा तिकडं राहिलास?" करडी नावाची सांबरी म्हणाली.

"तुला काय कळणार माझी किंमत? ती माणसं माझ्यासाठी कुठून कुठून येतात!"

उन्हाळ्याच्या तोंडाशी शिंगं गळून पडली, दरवर्षी पडतात तशीच. काजळ्या सवयीनं रस्त्याकडेला गेला. जीप आली. कॅमेरा वर झाला नि लगेच खाली आला.

"मादी आहे रे. चल पुढं."

काजळ्या मान खाली घालून पाणवठ्यावर आला. करडीनं त्याची मान हुंगली आणि जरा सरकून त्याला पाण्याशी जागा करून दिली.

पुढच्या थंडीपर्यंत शिंगं पुन्हा वाढली, आधीपेक्षा थोरली. जीपमधला तोच माणूस हरखून म्हणाला, "अरे वा, नवा नर आलाय!"

काजळ्यानं त्याच्याकडं पाठ फिरवली. मग हाक घातली, आणि या खेपेला जिला घातली, तिच्याकडंच चालू लागला.