सहा बाजूंचं घर

“...एवढं सगळं करूनही ती शिकत नाही, आजी. मग चुकतं कुणाचं?”

हौसाआजी बुरूड आळीतल्या आपल्या ओट्यावर बसली होती. पायाच्या अंगठ्यात बांबूची ओली पट्टी धरून ती सोलत होती. तिनं मान वर केली नाही.

“एवढं म्हंजे केवढं?”

विभावरीनं श्वास घेतला. आठ महिन्यांपूर्वी तिनं लेकीला, मनवाला, सातवीच्या वर्गातून काढलं होतं. विज्ञान आणि भूमिती घरीच शिकवायची, चित्रांतून, गाण्यांतून, हातकामातून, असं तिनं ठरवलं होतं.

“वर्तुळासाठी रांगोळ्या काढल्या. पचनसंस्थेवर गाणं रचलं, चालही मीच लावली. परवा परातीत भाकरी थापताना व्यास आणि त्रिज्या घेतली.”

“मग?”

“व्यास बरोबर आला.”

“भाकरी?”

“...करपली.”

आजी खुदकन हसली. विभावरीला हसू आलं नाही.

“हसू नका, आजी. काल ही मला म्हणते, मला परत शाळेत घाल. सोमवारी जाऊन नाव घालायचं ठरलंय. का, तर म्हणे शाळा निदान पाच वाजता सुटते!”

मनवा खांबाला टेकून बसली होती. तिनं फक्त फ्रॉकचा धागा ओढला.

“आज शेवटचं म्हणून तुमच्याकडे आणलंय. तुमच्या टोपलीत षटकोन असतात. हिला तेवढे तरी शिकवा.”

“तुला येतात?”

“मला? सहा बाजू, सहा कोन, प्रत्येक कोन एकशेवीस अंशांचा.”

“मग तूच वीण.”

आजीनं ओल्या पट्ट्यांची जुडी तिच्यापुढे सरकवली. मनवापुढेही एक टाकली. मग ओट्यालगतच्या चुलीवर तवा ठेवून ती भाकरी थापायला बसली.

विभावरी हुशार होती. आजीनं आधी दोनदा दाखवलं होतं, तिसऱ्यांदा विचारावं लागलं नाही. पट्टी वरून, पट्टी खालून. सहा बाजूंचं एक घर, त्याला लागून दुसरं, तिसरं... एकही वाकडं नाही. मधूनमधून ती मनवाकडे बघून सांगत होती, “मोज गं. सहा. तुझं तिसरं घर बघ, ढिलं पडलंय.”

मनवाचे हात थांबायचे. मग पुन्हा चालायचे.

अर्ध्या तासात विभावरीपुढे हातभर जाळी तयार झाली. सुंदर. आणि चटईसारखी सपाट.

“आता हिची टोपली कशी करायची?”

“उचल की कडा.”

विभावरीनं कडा उचलल्या. सोडल्या, तशा त्या खाली पडल्या. तिनं गुडघ्यावर घेऊन जाळी वाकवली. एक पट्टी कट्कन मोडली.

“हे वर येतच नाही! एकही घर चुकलेलं नाही, आजी, तुम्ही मोजून बघा!”

“दिसतंय की.”

“मग?”

आजी भाकरी तव्यावर टाकत होती.

“तुम्ही सांगत का नाही? आठ महिने मी जिवाचं रान करतेय, घरचे हसतात, ही तोंड फिरवते, आणि तुम्हीही...”

तिचा आवाज फाटला.

मनवाच्या हातातून पट्टी सरकल्याचा आवाज आला.

तिनं आपल्या जाळीतल्या एका घरातली सहावी पट्टी ओढून काढली होती. उरलेल्या पाच तिनं एकमेकींत अडकवल्या आणि घट्ट ओढल्या. जाळी तिथं हळूच फुगली. मग तिनं शेजारी, थोडं अंतर सोडून, तेच केलं. तिथंही फुगली, आणि मग आणखी दोन-तीन ठिकाणी.

“अगं अगं, काय करतेस! सहा हव्यात! पाचाचं घर चुकीचं...”

विभावरी मध्येच थांबली.

मनवाच्या हातात वाटी होती. वेडीवाकडी, एका अंगाला कललेली. पण वाटी.

आजीनं कोपऱ्यातला एक कांदा उचलून विभावरीच्या जाळीवर ठेवला. तो गडगडत ओट्यावरून खाली गेला.

दुसरा कांदा तिनं मनवाच्या वाटीत ठेवला.

मनवा वाटी डोळ्यांपुढे धरून फिरवत होती. एकदा पाचाचं घर बघायची, एकदा सहाचं. कपाळाला बारीक आठी पडली होती.

“आई...”

आठ महिन्यांत पहिल्यांदाच ती आपणहून काही विचारत होती.

“एक काढल्यावर वर का येतं गं?”

विभावरीचा चेहरा उजळला. उत्तर तिच्या जिभेवर आलं होतं. हात पिशवीतल्या वहीकडे गेला, पेन्सिलीकडे गेला. “म्हणजे बघ हं, मनवा, षटकोनाचा प्रत्येक कोन...”

मनवाची नजर वाटीवरून निघाली आणि खांबाकडे गेली.

विभावरीनं ते पाहिलं. तिचा हात पिशवीतच राहिला.

“आजी...” ती अगदी हळू म्हणाली. “आता मी काय करू?”

तव्यावरून धूर येत होता.

“शाळा सुटली, बाई,” हौसाआजी म्हणाली. “भाकरी उलट.”