सात मजली महाल आणि ढोकाईचं एकुलतं अंडं

एक होतं नगर. गोष्टीतल्या नगरांसारखं आटपाट वगैरे काही नव्हतं हो. अर्धं उंचावर, कोरडं. अर्धं खाली नदीकाठी, ओलं. तिथला राजा त्वरितसेन, नावाप्रमाणेच घाईचा. शिंक येण्याआधी रुमाल काढायचा आणि शिंक आली नाही की रुमालावर रागवायचा.

त्याची राणी सुव्रता. ती मात्र शांत. वर्षभर तिचे नेम चाललेले. चतुर्थी झाली की एकादशी, एकादशी झाली की प्रदोष. राजा म्हणायचा, "आपल्याकडे पंचांग कशाला हवं? राणीचं ताट पाहिलं की तिथी कळते."

तर काय व्हायचं, दर आषाढात नदी फुगायची आणि खालच्या आळीत शिरायची. तिथे कुंभार राहत, कोष्टी राहत, बुरूड राहत. एकदा सगुणा कुंभारीण दरबारात आली. पदर खोचलेला, हात मातीचे.

ती म्हणाली, "महाराज, तीन सालांमागं माझी चूल वाहून गेली. मग मडकी गेली. गेल्या साली चाक गेलं. आता नदीला न्यायला मी आन् माझी चार लेकरंच उरलोय."

राजानं तिच्या मातीच्या हातांकडे पाहिलं. तो उभा राहिला आणि म्हणाला, "येत्या आषाढाच्या आत साऱ्या आळीला नवी घरं. दिला शब्द!"

शब्द देऊन झाला. मग जागा शोधली. नगराबाहेर मोठा माळ होता. गुडघाभर गवत, मधूनच एखादं बोरीचं झुडूप. नदी तिथवर चढायची नाही. राजा माळावर जाऊन उभा राहिला आणि हात करून सांगू लागला, "इथे घरं. इथे बाजार. आणि मधोमध माझा एक महाल. फार नको. सातच मजले."

मग भूमिपूजनाचा मुहूर्त निघाला. वैशाखातला सोमवार. आणि सोमवारी राणीचं मौन असायचं, बरं का. सूर्य मावळून देवापाशी दिवा लागेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. आग लागली तरी नाही. बोट दाखवायचं.

पूजेला त्र्यंबकभट आले. पाट मांडले, कलश ठेवला, समोर नैवेद्याचे लाडू ठेवले. आता घर बांधण्याआधी भूमीची पूजा करतात ना, तेव्हा भटजी एक विनंती करतात. म्हणतात, "या भूमीवर जे कुणी राहत असतील, त्यांनी कृपा करून दुसरीकडे जावं." त्र्यंबकभटांनी ही विनंती चाळीस वर्षं केली होती. कधी कुणी उत्तर दिलं नव्हतं. म्हणून ते विनंती म्हणता म्हणताच नारळाकडे हात न्यायचे.

तसाच आजही नेला. तेवढ्यात गवतातून एक लांब पांढरी मान वर आली. डोक्यावर काळी टोपी. मान म्हणाली, "जाते की, भटजीबुवा. पण कुठं जाऊ?"

त्र्यंबकभटांच्या हातून नारळ सुटला, तो त्यांच्याच पायावर पडला.

ती होती ढोकाई. माळढोक म्हणून पक्षी असतो. ही आपली शमी ऐकतेय ना, उभी राहिली की तिच्याएवढा उंच. चालणं असं, की लग्नघरात मुलाची आईच निघालीय. साऱ्या राज्यात माळढोक उरले होते दोन. एक ढोकाई आणि दुसरे तिचे यजमान. यजमान माळाच्या पार पलीकडच्या टोकाला छाती फुगवून उभे असायचे. त्यापलीकडे त्यांचा घरात काही उपयोग नव्हता. आणि त्या दोघांचं होतं एकच अंडं. ना काडीचं घरटं, ना कापसाची गादी. नुसतं उघड्या जमिनीवर. ते अंडं गेलं, की मागे माळढोक हे नाव तेवढं राहायचं.

राजा म्हणाला, "भटजी, पुढे चला."

भटजींनी पोथीची पानं उलटली, पुन्हा उलटली. म्हणाले, "महाराज, पुढे 'मग ते निघून जातात' असं आहे. 'कुठं जाऊ' असं आजवर कुणी विचारलेलंच नाही. ही इथून उठेपर्यंत नारळ फुटत नाही. आणि अर्धी पूजा टाकून मलाही पाटावरून उठता येत नाही." असं म्हणून त्यांनी लाडवांकडे पाहिलं आणि उसासा सोडला.

तेवढ्यात सगुणा पुढे आली. ढोकाईपुढे उकिडवी बसली. "बाई गं, तुझं एक अंडं, माझी चार लेकरं. नदी यायला दीड महिना राह्यला. मी काय करू, सांग."

ढोकाई म्हणाली, "तुझ्या लेकरांना पाय आहेत, सगुणे. माझं अजून कवचात आहे. हलवलं की गेलं."

 खोटं दोघींपैकी कुणीच बोलत नव्हतं. म्हणून तर पंचाईत.

 राजा राणीकडे वळला. "राणी, सांग ना काही!"

राणी कशी सांगणार? मौन. पण तोवर तिनं एक केलं होतं. ऊन चढलं होतं, म्हणून ती अंड्याशेजारी जमिनीवर बसली होती आणि अंड्यावर पदर धरला होता. तिथे बसून तिनं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मग तिला काहीतरी कळलं. तिनं हात चहूकडे गोल फिरवला.

राजा ओरडला, "कळलं! चारी बाजूंनी कुंपण! म्हणजे आपली राजबाग!"

राणीनं कपाळाला हात लावला. पण राजा निघालासुद्धा. ढोकाई म्हणाली, "राणीसाहेब, तेवढं अंड्याकडे लक्ष असू द्या हं," आणि त्याच्यामागून चालू लागली.

राजबागेत आंबे, फणस, चाफे. ढोकाईनं मान उंच केली, आणखी उंच केली. "राजा, इथं मला काही दिसत नाही. लांडगा आला तर नाकाला नाक लागल्यावरच कळायचं."

"मग झाडावर बस की."

"माझ्या पायाला मागचं बोटच नाही. फांदी धरता येत नाही. मी आंब्यावर चढले, तर यंदाचा पाडाचा पहिला आंबा मीच."

मग दोघं परत आली. राजा म्हणाला, "राणी, दुसरं सांग!" राणीनं हात जमिनीवर थोपटला आणि तळवा खाली खाली आणून दाखवला.

"कळलं! गालिचा! म्हणजे दिवाणखाना!"

दिवाणखान्यात ढोकाईनं पाय टाकला. फरशी अशी घोटलेली, की ती दारापासून सिंहासनापर्यंत न चालता पोचली. उठून तिनं पंख झाडले. "नाकतोडे कुठायत?"

राजा म्हणाला, "ते काय असतं?"

"जेवण."

राजानं खीर मागवली. ढोकाईनं चोच बुडवली, बाहेर काढली आणि म्हणाली, "हे उडत नाही."

मग पुन्हा माळावर. आता ऊन तिरपं झालं होतं. भटजी पाटावर पेंगत होते. राजा हात जोडून म्हणाला, "राणी, आता नीट सांग हं." राणीनं एक बोट डोळ्याकडे नेलं आणि मग दूर, खूप दूर दाखवलं.

"आता पक्कं कळलं! लांबवर दिसेल अशी जागा! किल्ल्याचा बुरूज!"

बुरजावर वारा होता. ढोकाईनं चारी दिशांना पाहिलं. कितीतरी वेळ पाहिलं. राजाला वाटलं, जमलं!

ती म्हणाली, "छान दिसतं, राजा. पण आमच्यात पाळणा नसतो. पिल्लू बाहेर आलं की पहिल्याच दिवशी आईमागं चालू लागतं. आणि इथं चार पावलं चाललं की..."

ती खाली बघू लागली. राजानंही खाली पाहिलं.  येताना तो पहिल्यांदाच हळू चालला.

माळावर पोचेतो सूर्य मावळला. राणीनं कलशापाशी निरांजन लावलं, हात जोडले आणि तोंड उघडलं. "अहो, तुम्ही एकदा खाली बसाल का? मी बसले होते तिथे."

राजा बसला. आता राजे लोक उंचावरच बसतात, त्यामुळे त्याला ही सवय नव्हती. त्यानं समोर पाहिलं. गवताच्या शेंड्यांवरून नजर गेली ती थेट आभाळाला जाऊन टेकली. इकडे तेच. तिकडे तेच.

राणी म्हणाली, "सकाळपासून मी हेच खुणेनं सांगतेय. तिला चहूकडे दिसायला हवं. बसल्या जागेवरून दिसायला हवं. दूरवर दिसायला हवं. भिंत नको नि बुरूजही नको. पण तिकडे उगवतीला बघा. दुपारी तिकडून मेंढरं आली, ती जमिनीतून उगवल्यासारखी आली. तोवर एक कान दिसला नव्हता."

ढोकाई म्हणाली, "तिथं उतार आहे. खाली खोलगट रान. तिकडं मी जातच नाही. काही दिसत नाही ना."

सगुणा तर धावतच सुटली. उताराखाली जाऊन तिनं मूठभर माती उचलली, मळली, आणि वर ओरडून विचारलं, "नदी इथवर येती का?"

मेंढरांमागून चाललेला मेंढपाळ म्हणाला, "माझ्या आज्यानं बी कधी पाह्यली न्हाई."

"मग जमलं की! मातीबी घागरीची हाय!"

राजा म्हणाला, "थांबा. आधी मोजू, कुठून खाली गेलं की ढोकाईला दिसत नाही." घाईचा राजा थांबा म्हणाला, हे दरबारानं पहिल्यांदाच ऐकलं. मग तो स्वतःच उताराकडे पाठ करून मागे मागे चालू लागला. ढोकाई अंड्यावर बसून सांगू लागली.

"दिसतोस."

राजा दहा पावलं मागे. "आता?"

"दिसतोस. पोट दिसतंय."

राजानं पोट आत ओढलं. "आता?"

"मुंडासं दिसतंय."

"आणि आता?" पण त्याचं उत्तर यायच्या आत राजा उतारावरून घरंगळला आणि बोरीच्या झुडपात बसला. वरून ढोकाईचा आवाज आला, "आता राजा कुठं दिसत नाही! छान झालं!"

तिथंच खुंटी ठोकली. उताराखाली घरं, उताराच्या वर माळ.

अंगातले काटे काढत राजा वर आला. "सगळं ठीक. पण माझा महाल?"

ढोकाई म्हणाली, "पहिला मजला दिसायचा नाही. दुसरा दिसेल."

"सातचे पाच करतो."

"दिसतील."

"दीड?"

"अर्धा दिसेल."

"निदान वर गच्ची तरी?"

"गच्चीत तू उभा राहिलास की दिसशील."

 राजानं सगुणेकडे पाहिलं. ती मातीत काडीनं तिच्या घराची आखणी करत होती. चूल इथं, चाक इथं. मग तो म्हणाला, "मी गच्चीत बसून राहीन."

तेवढ्यानं भटजी जागे झाले. त्यांनी विनंती पुन्हा म्हटली, पण वेगळी: "या भूमीवर राहणाऱ्यांनो, आम्ही उताराखाली राहायला येतो आहोत. तुम्ही वर सुखानं असा." गवतातून उत्तर आलं, "या की." आणि नारळ फुटला. लाडू एक कमी भरला. भटजी म्हणाले, मुंगीनं नेला.

मग काम सुरू झालं. राणीनं सांगून टाकलं, "ढोकाई बाळंतीण आहे. सव्वा महिना ढोल नाही, ताशा नाही, आरडाओरडा नाही." गवंड्यांनी हातोड्यांना फडकी गुंडाळली. भिंत वाकडी जाऊ लागली की मुकादम कानाशी जाऊन रागवायचा. कुजबुजत शिव्या देणं फार कठीण असतं, बरं का. महिन्याभरानं सगळे एकमेकांशी इतक्या प्रेमानं बोलू लागले, की बायका घाबरल्या.

एके सकाळी अंडं टकटकलं. पिल्लू बाहेर आलं, अंग वाळवलं आणि आईमागं चालायला लागलं. एकदा पडलं, दोनदा पडलं, मग नाही पडलं. पलीकडच्या टोकाला यजमानांनी छाती इतकी फुगवली की स्वतःच मागे कलंडले. त्यानंतर आठव्या दिवशी आळीतला शेवटचा दरवाजा बसला. सगुणेनं नव्या चाकावर पहिली घागर काढली.

मग आषाढ आला. नदी फुगली. सवयीनं खालच्या आळीत शिरली. हे दार ढकललं, ते दार ढकललं. या चुलीपाशी वाकून पाहिलं, त्या कोनाड्यात डोकावलं. घरात कुणीच नव्हतं. थोडा वेळ वाट पाहिली बिचारीनं, आणि आली तशी परत गेली.

तिकडे सगुणा आपल्या लेकरांसह कोरडी होती, वर माळावर ढोकाई आपल्या पिल्लासह कोरडी होती, आणि राजा गच्चीत मांडी घालून बसला होता. त्यांना देवानं जशी टेकायला जागा दिली, तशी ती पंखवाल्यांना, पायवाल्यांना, सगळ्यांनाच देवो. आता हात पांघरुणात घ्या बरं. दत्तू, थोडा सरक, शमीला जागा दे. हं, अस्सं. मिटा डोळे.