मेणाच्या डोळ्यांची भिंत

“हिला दिसायला लागलं का?”

आनसेल्मोबाबांनी हे त्यांच्या भाषेत विचारलं होतं. कुमुदिनीबाईंना त्यातलं अक्षरही कळलं नाही. त्यांनी लेकीकडे, रेणूकडे पाहिलं.

“काय म्हणतायत गं?”

“विचारतायत...” रेणू म्हणाली, “हिला दिसायला लागलं का, म्हणून विचारतायत.”

कुमुदिनीबाईंच्या मुठीत चांदीचे दोन डोळे होते. भिंतीवरच्या खिळ्यात ते अडकवायला त्यांनी हात वर केला होता, आणि म्हाताऱ्या बाबांनी तो मनगटाशी हलकेच धरून ठेवला होता.

स्पेनच्या पार दक्षिणेला, समुद्रावर ओणवलेल्या एका टेकडीवर ते इवलंसं देऊळ होतं. देऊळ त्यांच्या धर्माचं, पण चार माणसं उभी राहिली की भरून जावं, आपल्या गावाकडच्या घुमटीसारखं. आत एका तरुण संतिणीची मूर्ती. तिच्या हातात तबक आणि तबकात दोन डोळे. डोळ्यांचं दुखणं आलं की तिकडचे लोक हिलाच हाक मारतात. आनसेल्मोबाबा तिथं एकटेच राहत. झाडलोट करत, दिवा लावत. खालच्या गावातली माणसं मनातलं सांगायला त्यांच्याकडे चढून येत.

रेणूच्या डोळ्यांचे पडदे सात वर्षांपासून वाळत चालले होते. कडेचं सगळं दिसेनासं झालं होतं, मधोमध बशीएवढं काय ते उरलं होतं. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तेही जाईल, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. ती पुण्यात स्पॅनिश शिकवायची. ज्या देशाची भाषा इतकी वर्षं फळ्यावर लिहिली, तो दिसतोय तोवर बघून येऊ या, म्हणाली. अट एकच. सुट्टी निवांत घालवायची, दुखण्याचं नाव काढायचं नाही.

तशा दोघी आठ दिवस निवांत हिंडल्या. चुना फासलेल्या पांढऱ्या गावांतून, ऑलिव्हच्या बागांमधल्या धुळीच्या वाटांनी, मनात येईल तिथं बसमधून उतरत. रेणू सगळं तुकड्यातुकड्यानं बघायची. आधी घोड्याचं डोकं, मग मान वळवून पाठ, मग शेपूट. कुमुदिनीबाई घोडा बघत नसत. त्या रेणूची वळणारी मान बघत.

लेकीच्या डोळ्यांसाठी सात वर्षं त्यांनी सूर्यनारायणाचा रविवार धरला होता. दिवसभर उपास, संध्याकाळी अळणी जेवण. परवाच्या रविवारी किनाऱ्यावर वाऱ्यानं खारा तुषार ओठांवर उडाला, तर त्यांनी घाईघाईनं बाटलीतल्या पाण्यानं चूळ भरली. रेणूला हसू आवरेना. म्हणाली, “आई, अख्खा समुद्र तुझं व्रत मोडायला उठलाय बघ.”

आज देवळात पाऊल टाकलं, तर समोरची सबंध भिंत डोळ्यांनी भरलेली. मेणाचे डोळे, पत्र्याचे डोळे, जोडीजोडीनं खिळ्यांना टांगलेले. काही इतके जुने, की मेण पिवळं पडलेलं. कुमुदिनीबाईंना भरून आलं. केवढी ही माणसं... आपल्यासारखीच अडलेली, आपल्यासारखीच मागणं मागणारी. आपल्याकडेही मागताना देवाच्या दारी काहीतरी बांधतातच की. सात वर्षांत त्यांना पहिल्यांदाच सोबत मिळाल्यासारखं वाटलं. गावोगावच्या देवींना चांदीचे डोळे वाहून झाले होते. पर्समध्ये शेवटचा जोड होता, तो त्यांनी काढला. बोटानं रेणू दाखवली, आणि हात वर केला.

“सांग त्यांना,” त्या म्हणाल्या. “थोडं दिसतं म्हणावं. पण जात चाललंय.”

रेणूनं सांगितलं.

बाबांनी मान हलवली. चांदीचे डोळे कुमुदिनीबाईंच्याच तळव्यावर ठेवून त्यांची बोटं मिटवली. मग ते सावकाश काही बोलले. रेणू ऐकत राहिली, पण आईला सांगेना.

“बोल ना.”

“आई, इथं मागायला टांगत नाहीत. ज्यांना दिसायला लागलं, त्यांनी नंतर येऊन टांगलेत हे.”

“सगळ्यांनी?”

“सगळ्यांनी.”

कुमुदिनीबाई भिंतीकडे बघत राहिल्या. मघाशी ती भिंत म्हणजे त्यांच्या सोबतिणी होत्या. आता एवढ्या डोळ्यांत त्यांचं कुणीच उरलं नाही.

“विचार त्यांना,” त्या म्हणाल्या. आवाज शांत होता, पण लेकीला ती शांतता ओळखीची होती. “यांच्यातल्या कुणी सात वर्षं मीठ सोडलं होतं का?”

“आई, नको.”

“विचार. मी एक रविवार चुकले नाही. तापात नाही, तुझे बाबा गेले त्या आठवड्यातही नाही.”

रेणूनं खाली बघत विचारलं.

बाबांनी भिंतीवरच्या एका जोडीला बोट लावलं. मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. प्रत्येकीचं काहीतरी सांगितलं. एक कोळी होता, एक शाळेतली मुलगी. एक बाई तर शेजारणीबरोबर नुसती सहज आली होती, तिनं काही मागितलंही नव्हतं.

“मीठ कुणीच सोडलं नव्हतं,” रेणू म्हणाली.

कुमुदिनीबाई कडेच्या बाकावर बसल्या. आपलं काय कमी पडलं, हा एकच प्रश्न त्यांनी सात वर्षं उशाशी घेतला होता. आपण जपात चुकत असू, मनात कुठं राग राहिला असेल, म्हणून पुढच्या रविवारी त्या व्रत आणखी घट्ट धरत. आणि इथं... काही न मागणारीलाही मिळालं होतं. म्हणजे कमी पडलं, ते भरून काढायची वाटच नव्हती. पुढचा रविवार कशासाठी धरायचा, ते त्यांना कळेना.

रेणू शेजारी येऊन बसली.

मग कुमुदिनीबाई बोलल्या. या वेळी त्यांच्या बोलण्यात ताठा नव्हता.

“मग ज्यांना मिळालं नाही, त्यांनी टांगायचं कुठं? तेवढं विचार.”

बाबांनी ऐकून घेतलं. कोपऱ्यातला मातीचा कुजा उचलला आणि दोघींना हातानं बाहेर बोलावलं. दाराबाहेर दगडाची एक पायरी होती. ते वाकले आणि कुज्यातलं पाणी तिच्यावर ओतू लागले.

पाणी ओघळलं नाही. पायरीच्या मधोमध ते थांबलं, परातीत थांबावं तसं.

रेणूला ते नीट दिसेना. ती खाली बसली, हातानं चाचपत गेली, आणि तिचा हात मनगटापर्यंत बुडाला.

“आई, केवढा खळगा आहे इथं...”

कुमुदिनीबाई तिच्याजवळ बसल्या. त्यांनीही पाण्यात हात घातला. दगड आतून गुळगुळीत होता.

“एवढा दगड कुणी झिजवला, बाबा?”

बाबांनी कुजा खाली ठेवला. दारातून आत, मेणाच्या डोळ्यांकडे एकदा पाहिलं. मग बोलले, आणि रेणूनं ते थांबत थांबत मराठीत आणलं...

“भिंतीवर आहेत ना बाई, ते सगळे इथं एकदा-दोनदाच आले. ही पायरी त्यांनी नाही झिजवली.”